फाईल नाही म्हणते

शमीमभाभींचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. अमरावतीच्या ज्या तंत्रनिकेतनात मी शिकवते, तिथल्या मुलांनी पंपाची एकच आकृती जमेल तितक्या प्रकारे चुकवून दाखवली होती आणि मी लाल पेन हातात धरून वैतागले होते. "ताई, आपके हनीफभाई गए," भाभी म्हणाल्या. पहाटे नमाजसाठी उठले होते, वजूचे हातपाय धुताना जरा बसले, ते बसलेच… आणि लगेच त्यांनीच विचारलं, "आपका कुछ काम अटका है क्या उनके पास? वो बोलके रखे थे, कभी कुछ हुआ तो पहले ताई से पूछना." जिचा नवरा चार तासांपूर्वी गेला, ती बाई मला माझ्या कामाचं विचारत होती. मी म्हटलं, नाही, काही नाही. ते खोटं होतं. बॅटरीवरच्या नव्या फवारणी पंपाची पुस्तिका आमच्या दोघांच्या मध्ये अर्धी पडून होती. पण त्या वेळी दुसरं काय सांगणार.

हनीफभाईंना ओळखणारी माणसं अकोल्यात पुष्कळ असतील, पण ते नेमकं काय करायचे हे त्यांतल्या निम्म्यांनाही सांगता येणार नाही. कुठल्याही यंत्राच्या खोक्यात एक पुस्तिका येते. आपण ती वाचत नाही, खिडकीच्या फटीत कोंबून ठेवतो आणि यंत्र बिघडलं की घरभर शोधतो. ती पुस्तिका मांडायचं काम हनीफभाई करायचे. फवारणी पंप, पाण्याची मोटार, डाळमिलची चाळण, काहीही. जुन्या शहरातल्या एका बोळात त्यांची खोली होती, खोलीत दोन संगणक, एक प्रिंटर, आणि भिंतीला लागून त्यांच्या वडिलांची पुस्तकबांधणीची लाकडी दाबपट्टी. वडील पातूरचे जिल्दसाज. हनीफभाई त्या दाबपट्टीवर आता टेलिफोन ठेवायचे, पण तिला रोज पुसायचे मात्र.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मोठ्या तोऱ्यात. एमआयडीसीतल्या एका पंपवाल्या शेठनी मला माहितीपत्रक लिहायला सांगितलं होतं. माझं माहेर तेल्हारा तालुक्यातलं, शेतीतलं. शिवाय मी यंत्रं शिकवणारी. तेव्हा आपल्याइतकं सोपं मराठीत कोण लिहिणार, असा माझा समज होता. गेल्या काही वर्षांत वऱ्हाडात काय चाललंय ते पेपर वाचणाऱ्यांना मी नव्यानं सांगायला नको. कापसावरची अळी औषधाला दाद देत नव्हती, म्हणून आणखी औषध, म्हणून आणखी पंप. गावोगावी पाठीवरच्या पंपांची विक्री वाढली होती आणि शेठना पत्रक लवकर हवं होतं. हनीफभाईंनी माझे कागद घेतले आणि चार दिवसांत चार पानांचं घडीचं पत्रक करून हातात ठेवलं. हिरवी चौकट, ठळक आकडे, पंपाची सुरेख आकृती. मी विचारलं, "लेखन कसं वाटलं?" ते काही बोलले नाहीत. चहाची बशी माझ्यापुढे सरकवली आणि स्क्रीनकडे वळले. मला राग आला. वर्गात पोरं निदान मान तरी डोलावतात. आतून शमीमभाभी म्हणाल्या, "कुछ नहीं बोले ना? मतलब ठीक है. खराब रहता तो अब तक भाषण देते." पुढं इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी कौतुकाचा एक शब्द ऐकला नाही, आणि त्या बशीची सवय मात्र लागली.

आता जे सांगायचं ते मी कधी लिहिलेलं नाही. त्या पत्रकात सहा इशारे होते. नोझल खोलण्याआधी टाकीतला दाब सोडा, नोझलला तोंड लावून फुंकू नका, असे. मी ते आधी त्या-त्या पायरीजवळच लिहिले होते. पण त्यामुळे मजकूर पाचव्या पानावर जात होता, आणि शेठ म्हणाले की गिऱ्हाईकानं पान उघडल्याबरोबर धोका-धोका दिसू नये. तेव्हा मीच सुचवलं, सगळे इशारे एकत्र करून शेवटच्या पानावर घेऊ. शेठ खूष झाले, हनीफभाईंनी तसं लावून दिलं, सहाही इशारे लाल चौकटीत देखणे दिसत होते. त्या शेवटच्या पानाच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, हे आम्हा दोघांपैकी कुणीही बघितलं नाही. स्क्रीनवर पान एका वेळी एकच दिसतं. दुसऱ्या बाजूला होतं गॅरंटी कार्ड.

पुढच्याच हंगामात माझ्या चुलतभावाच्या, विजूदादाच्या डोळ्यात औषध गेलं. पंप त्याच कंपनीचा. माझ्याच सांगण्यावरून घेतलेला. नोझल चोंदलं म्हणून त्यानं फिरवून काढलं, टाकीत दाब तसाच होता, आणि औषधाची धार सरळ डाव्या डोळ्यात. तेल्हाऱ्याहून अकोल्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत व्हायचं ते नुकसान झालं होतं. मी भेटायला गेले तेव्हा तो पट्टी बांधून उशीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "सुमे, तुह्या कागदात तं असं काई लिवलंच नव्हतं."

मला झोंबलं. खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यापेक्षा आधी ते झोंबलं, आणि याची लाज मला आजही वाटते. मी म्हटलं, लिहिलंय दादा, मी स्वतः लिहिलंय. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मी पंप काढला. त्यानं पत्रक नीट सांभाळलं होतं, पंपाच्या खोक्याच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवलं होतं. तीन पानं होती. चौथं घडीवर सरळ रेषेत फाडलेलं. मी तशीच तेल्हाऱ्याच्या दुकानदाराकडे गेले. त्यानं बिचाऱ्यानं खण उघडून रबर लावलेला गठ्ठा काढला. पंप विकला की गॅरंटी कार्ड फाडायचं, शिक्का मारायचा आणि दुकानात ठेवायचं, गिऱ्हाईकानं हरवू नये म्हणून. चांगल्या मनानं ठेवत होता तो. प्रत्येक कार्ड उलटं केलं की मागे माझे सहा इशारे, लाल चौकटीत. अख्ख्या तालुक्याचे इशारे त्या खणात होते.

एक कार्ड घेऊन मी अकोल्याला हनीफभाईंकडे गेले. ते त्यांनी हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. असं पाच-सहा वेळा. मी म्हटलं, चूक माझी आहे, शेवटी घ्या असं मीच म्हटलं होतं. ते म्हणाले, "तुमी लिवलं ताई, पन लावलं तं म्या." त्या दिवसापर्यंत मी मॅडम होते. माझी समजूत काढायला ते तसं म्हणाले नाहीत, हिशोबानं म्हणाले, जिल्दसाजाच्या पोरानं पान कुठं फाटणार हे बघायला हवं होतं म्हणून. मी रडवेली होऊन म्हटलं, पुन्हा असं कधी होणार नाही. तेव्हा मात्र त्यांनी ते भाषण दिलं, ज्याबद्दल भाभींनी मला पहिल्या पत्रकाच्या वेळीच सांगून ठेवलं होतं. भाषण दोन वाक्यांचं होतं. "पुन्हा करनार नाही, असं तं लहान पोट्टंबी म्हनते. पुन्हा करतोच म्हटलं तरी करता येनार नाही, असं काहीतरी कराले पायजे."

आधी जे झालं होतं ते निस्तरलं. त्यांनी सहा इशाऱ्यांच्या चिकटपट्ट्या छापल्या आणि आम्ही दोघं पाच-सहा रविवार दुकानं फिरलो. तेल्हारा, पातूर, मूर्तिजापूर. मी अमरावतीहून एसटीनं यायचे, ते अकोल्याहून. मूर्तिजापूरच्या स्टँडवर चहा घेताना ते मला विचारायचे, "विजूभाऊले सांगतलं का?" मी म्हणायचे, सांगते. तीन रविवार मी सांगते-सांगते करत होते. चौथ्या रविवारी त्यांनी मला सरळ तेल्हाऱ्याच्या गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. विजूदादाच्या ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं, कुणी म्हटलं, का म्हटलं, पान कुठं गेलं. डावा डोळा तोवर बरा दिसत होता, पण त्यातून त्याला उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग आता ते कुठी छापनार हाय तुमी?" मी म्हटलं, जिथं नोझल खोलायचं लिहिलंय, तिथंच, त्याच्या आधी. "हं," तो म्हणाला, "तिथंच पायजे." वहिनींनी जेवायला वाढलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही मागितलं नाही. पण परतताना गाडीत मला भूक लागल्यासारखं वाटत होतं, आत्ताच जेवून उठलेली असूनसुद्धा. कित्येक दिवसांनी नीट श्वास घेतला की तसं होतं बहुतेक.

त्यानंतर हनीफभाईंनी पन्नाशीला टेकलेल्या वयात नवी विद्या शिकायला घेतली. नेट कॅफेत बसून पानंच्या पानं उतरवून आणायचे आणि इंग्रजी अडलं की मला फोन. एक दिवस मला बोलावून त्यांनी स्क्रीन दाखवली. हिरवी चौकट नाही, ठळक अक्षरं नाहीत, नुसता साधा मजकूर, आणि प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे टोकदार कंसात एकेक शब्द. पायरी. माप. इशारा. मी म्हटलं, हे काय, सगळी शोभा घालवली तुम्ही. ते म्हणाले, अब्बा पुस्तक बांधताना प्रत्येक जुजावर, म्हणजे पानांच्या जुडीवर, चिठ्ठी लावायचे, हा कितवा, कशाच्या आत जायचा. बाहेरचं कापड कोणतं ते गिऱ्हाईक ठरवायचं, चिठ्ठी मात्र अब्बांची. तसंच हे. मजकूर कसा दिसावा ते इथं लिहायचंच नाही, तो काय आहे तेवढंच लिहायचं. मग त्या एकाच फाईलमधून छापायचं पान निघतं आणि वेबचं पानही निघतं, दोन्हीकडचं कापड वेगळं. आतापर्यंत छापील पत्रकात एखादं माप सुधारलं तरी कंपनीच्या वेबसाईटवर जुनंच राहायचं, आणि तिथं तर जुन्या फॉन्टमुळे निम्म्या वेळा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. हनीफभाईंनी सगळ्या जुन्या पुस्तिका युनिकोडमध्ये पहिल्यापासून टंकल्या. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "पाया कच्चा ठेवून माळा कायले चढवाचा?"

पण त्यांचं खरं काम पुढं होतं. फाईलमधून पान निघायच्या आधी ती एका नियमांच्या यादीतून जायची, आणि ती यादी त्यांनी स्वतः लिहिली होती. इशारा असेल तर तो पायरीच्या आत असला पाहिजे, डब्यात वाटी असते तसा, आणि कृतीच्या आधी. इशारा पायरीबाहेर सापडला तर छापील पान नाही आणि वेबपानही नाही. काहीच बाहेर पडत नाही. घडी कुठंही पडो, पान कुठंही फाटो, पायरी गेली तर इशारा तिच्याबरोबर जाईल, पायरी राहिली तर तो राहील. हे सांगताना त्यांचा चेहरा, कुलूप नीट लागलंय ना ते ओढून बघणाऱ्या माणसासारखा होता. शिवाय प्रत्येक नव्या पुस्तिकेचा पहिला मसुदा विजूदादाला फोनवर वाचून दाखवायचा, हाही नियम. दादा पलीकडे कंपनीनं पाठवलेला नमुन्याचा पंप पुढ्यात घेऊन बसायचा, हनीफभाई एकेक पायरी वाचायचे, आणि जिथं दादा "थांबा, कोनत्या हातानं?" म्हणायचा तिथं मला पुन्हा लिहावं लागायचं. माझ्या कितीतरी सुंदर वाक्यांचा त्या फोननं बळी घेतला.

शेठ अधूनमधून यायचे. पुस्तिका बघून म्हणायचे, हनीफभाई, हे इशारे फार डोळ्यात भरतात हो, मागं घ्या जरा. हनीफभाई लगेच खुर्ची ओढायचे, अगदी अदबीनं. "घेतो ना शेठ. हे पाहा, तुमच्या समोरच घेतो." खरोखरच इशारा उचलून शेवटी ठेवायचे, कळ दाबायचे, स्क्रीनवर लाल ओळ यायची आणि ते हताशपणे हात पसरायचे. "म्या तं केलं शेठ. फाईल नाही म्हनते." शेठनी आयुष्यात भल्याभल्यांना वाकवलं असेल, पण संगणक नाही म्हणतो म्हटल्यावर ते लगेच ऐकायचे. "अस्सं? मंग राहू द्या." शेठ जिना उतरले की हनीफभाई इशारा पुन्हा जागेवर ठेवायचे, आणि मी तोंडाला पदर लावून बसलेली असायचे. तो नियम एका ओळीचा होता, त्यांनीच लिहिलेला, आणि त्यांच्या एका बोटानं पुसला गेला असता, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. शेठशी भांडता मलाही आलं असतं. पण भांडून मी एखाद्या वेळी हरले असते. ते कधी भांडलेच नाहीत, त्यामुळे हरलेही नाहीत.

हनीफभाईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात धाकट्या शेठचा फोन आला. आता कारभार तेच बघतात. कृषी प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि बॅटरी पंपाची पुस्तिका तयार नव्हती. "हनीफभाई गेले याचं आम्हालाही वाईट वाटतं मॅडम," ते म्हणाले, आणि त्याच श्वासात म्हणाले, "इशारे तेवढे शेवटी एका पानात घ्या. मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिका तशाच असतात. आता अडवायला तिथं कुणी नाही." शेवटचं वाक्य त्यांनी चेष्टेनं म्हटलं की कसं, मला कळलं नाही. पण अडवत होती ती फाईल नव्हे, हनीफभाई, एवढं त्यांना वडिलांपेक्षा जास्त समजत होतं.

मी अकोल्याला गेले. शमीमभाभींनी खोली उघडून दिली. त्यांनी ती रोज झाडली होती, दाबपट्टीही पुसलेली दिसत होती. मी प्रथमच हनीफभाईंच्या खुर्चीत बसले आणि खुर्ची मला उंच झाली. फाईल उघडली. चौदा पायऱ्या त्यांनी लावून ठेवल्या होत्या, नऊ इशारे माझ्याकडून यायचे होते. मी ते लिहिले. आणि मग… खोटं कशाला सांगू. मी दमले होते, परवा प्रदर्शन होतं, एकेक इशारा कुठल्या पायरीत बसवायचा ते त्यांच्यासारखं चटकन मला दिसत नव्हतं. बॅटरी पंप आहे, गॅरंटी कार्ड आता वेगळं असतं, पान फाटायचा प्रश्नच नाही, या वेळेपुरतं चालेल. सगळी शहाणी माणसं जशी स्वतःशी बोलतात तशी मी बोलले, नऊही इशारे शेवटी एका ठिकाणी ठेवले आणि कळ दाबली.

लाल ओळ आली. गंमत बघा, इतक्या वर्षांत ती ओळ मी कधी वाचली नव्हती. फाईल काय म्हणते ते नेहमी हनीफभाईच सांगायचे, आणि मला ते नाटकातलं वाक्य वाटायचं. ती इंग्रजीत काहीतरी तांत्रिक असणार, असंच मी धरून चालले होते. मी चष्मा सारखा करून वाचलं. तिथं लिहिलं होतं:

"इशारा पायरीच्या बाहेर आहे. ताई, घाई असंन तं पयले विजूभाऊले इचारा."

हे त्यांनी कधी लिहून ठेवलं असेल? बहुधा पहिल्याच दिवशी, नियम लिहिला तेव्हाच. शेठना दाखवताना स्क्रीन जरा वळवून धरायचे, ते आता माझ्या लक्षात आलं. तो नियम शेठसाठी नव्हताच. इशारे शेवटच्या पानावर घ्यायला सांगणारी बाई कोण होती, हे ते विसरले नव्हते, आणि एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी ते तोंडावर आणलं नाही. मला राग आला त्यांचा, आणि मग रडू आलं, मोठ्यानं. भाभी दारात आल्या आणि परत गेल्या. मी दाबपट्टीवरचा फोन उचलून विजूदादाला लावला. म्हटलं, पंप घेऊन बस. तो म्हणाला, "हनीफभाई तं गेले. कोन वाचनार?" मी वाचते म्हटलं.

दुपारभर वाचलं. त्यानं मला सात ठिकाणी थांबवलं. ओल्या हातानं चार्जरची पिन लावायची नाही, हा इशारा मी चौथ्या पायरीत घातला होता, तर तो म्हणाला की हात ओले होतात दुसऱ्या पायरीलाच, टाकी भरताना. तो दुसरीत घेतला. एकेक करून नऊही आत गेले. मध्येच धाकट्या शेठचा फोन आला, तेव्हा मी अगदी अदबीनं म्हटलं, "मी केलं होतं हो शेवटी. फाईल नाही म्हणते." ते म्हणाले, बरं, राहू द्या.

उन्हं उतरल्यावर मी पुन्हा कळ दाबली. या वेळी लाल ओळ आली नाही. काहीच आलं नाही. स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत होता आणि शेजारी प्रिंटर सुरू झाला होता. भाभी चहा घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "क्या बोली?"

"काही नाही बोलली," मी म्हटलं.

"कुछ नहीं बोली ना? फिर चाय लो," त्या म्हणाल्या, आणि बशी माझ्यापुढे सरकवली.